श्वानाची ओढ

बैलगाडीच्या सावलीतून चालणाऱ्या कुत्र्यास सारा गाडा आपणच ओढीत आहो असे वाटत असते, अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. फुकटच्या मोठेपणाने फुगलेल्या मनुष्यास ती लावतात, व ती त्यास शोभतेही. परंतु ज्या जनावराच्या नावाने हा उपहास केला जातो, त्याच्या अंगी ओढण्याचे बळ किती असते याची चौकशी म्हण करणाराने केलेली दिसत नाही. ज्यास ती करावयाची असेल त्याने सकाळच्या प्रहरी रंकाळ्याच्या काठी घटकाभर उभे राहावे. चांगला धडधाकट गृहस्थ, अंग मागे टाकलेला, टाचा रोवलेला, दोन्ही हातांनी साखळी धरून कसाबसा तोल सावरीत आहे; आणि त्याच्या वजनाच्या निम्म्यानेही नसलेले कुत्रे त्यास खुशाल फरफटत नेत आहे, हा देखावा तेथे नित्याचा आहे. गृहस्थ ओशाळतो, साखळीस हिसका देतो, कुत्र्यास चार शब्द सुनावतो. आणि दहा पावलांवर तोच प्रकार पुन्हा होतो.

हा प्रकार पाहून हसू येते हे खरे. परंतु थोडा विचार केला तर त्यातून दोन प्रश्न निघतात. एवढेसे जनावर एवढे बळ आणते कोठून, हा पहिला. आणि ज्या देशात कुत्रा वेदकाळापासून मनुष्याच्या दाराशी आहे, त्या देशातील सुशिक्षितास त्याला दोरीने चालविण्याची साधी विद्या का अवगत नसावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शरीरशास्त्र देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते, आणि ते सापडल्यावर मनुष्य हसत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कुत्रा चार पायांवर उभा असतो, मनुष्य दोन. कुत्र्याच्या शरीराचा भार जमिनीलगत, मनुष्याचा कमरेच्या उंचीवर. कुत्र्याची नखे मांजराच्या नखांप्रमाणे आत ओढली जात नाहीत. ती सदैव बाहेर असतात व जमिनीस धरून राहतात. ओढताना कुत्रा मान खाली घालतो, छाती पुढे देतो आणि मागील दोन्ही पायांचा रेटा कण्यातून सरळ पुढे लावतो. उलट, हात पुढे करून दोरी धरणारा मनुष्य अशा बेताने उभा असतो की, अचानक हिसका बसताच त्याचा तोलच प्रथम जावा. दोघांच्या वजनांची तुलना करून हा सामना समजत नाही. जमिनीवर कोणाची पकड किती, हे पाहावे लागते.

ज्या देशांत बैल नव्हता, किंवा बैल पोसण्याचे सामर्थ्य गरिबास नव्हते, तेथे हे बळ लोकांनी फार पूर्वीच ओळखले. बेल्जममध्ये दुधाचे गाडे विसाव्या शतकातही कुत्रे ओढीत. १९१४ च्या महायुद्धारंभी त्या देशाच्या सैन्यातील यांत्रिक बंदुकाही कुत्र्यांच्या गाड्यांवरून रणांगणाकडे गेल्या. इंग्लंडातही फेरीवाले व खाटीक कुत्र्यांस गाड्या जुंपीत. त्यांचे हाल पाहून १८३९ च्या कायद्याने लंडनपुरती आणि १८५४ च्या कायद्याने साऱ्या देशात ती चाल बंद करण्यात आली. ध्रुवप्रदेशात तर कुत्र्यावाचून गतीच नव्हती. १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांच्या बळावर. निघताना त्याजबरोबर ५२ कुत्रे होते. परतले ते अवघे ११. बाकीच्यांपैकी बहुतेकांस वाटेत मारून त्यांचे मांस उरलेल्या कुत्र्यांस व माणसांस खाऊ घातले गेले. विजयाच्या इतिहासात हे वाक्य सहसा हळू आवाजात वाचले जाते. याच्या उलट बाजूचे उदाहरण १९२५ चे. अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली असता, सुमारे ६७४ मैलांचा बर्फाचा मार्ग २० गाडीवानांनी व दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचविले.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ओढणाऱ्या कुत्र्याचा साज मानेवर भार टाकीत नाही. तो छाती व खांदे यांवर टाकतो. गळ्यात पट्टा बांधला असता ओढीचा सारा दाब श्वासनलिकेवर येतो, कुत्रे खोकते, घरघरते. तरी ओढणे सोडीत नाही. मग कोणी दयाळू मनुष्य गळ्यातील पट्टा काढून पाठीवर कडी असलेला छातीबंद आणतो, आणि कुत्रे पूर्वीच्या दुप्पट जोराने ओढू लागले म्हणून चकित होतो. त्यात चकित होण्यासारखे काही नाही. त्याने नकळत घसरगाडीचाच साज चढविला आहे. कडी पाठीऐवजी छातीवर पुढे असली, तर ओढ लागताच कुत्र्याचे तोंड आपोआप धन्याकडे वळते, आणि ओढण्यातील अर्थच निघून जातो. इतका फरक एका कडीच्या जागेने पडतो.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे कुत्र्यास जुंपण्याची गरज पडली नाही, कारण बैल होता. भाषेची साक्ष घ्यावी तर मराठीत जनावराच्या दोरीचे शब्द किती! गाईला दावे, बैलाला वेसण व कासरा, वासराला म्होरकी, घोड्याला लगाम. हत्तीला दोर पुरत नाही म्हणून अंकुश. कुत्र्यासाठी म्हणून एखादा खास शब्द मात्र चटकन आठवत नाही. गळपट्टा म्हणावा तर तो वर्णनाचा शब्द. साखळी म्हणावी तर ती दारालाही असते. याचे कारण उघड आहे. आपला कुत्रा बांधलेला नव्हताच. तो आळीचा होता, खळ्याचा होता, वाड्याच्या देवडीचा होता. धनगराच्या मेंढरांमागून तो रानोमाळ हिंडे आणि लांडग्याची चाहूल लागताच पुढे धावे; त्यास दोरी लावणे म्हणजे कामातून काढून टाकणेच होते. जेजुरीच्या खंडेरायाचा कुत्रा किंवा नरसोबाच्या वाडीस ज्यांच्या पादुका आपण पूजितो त्या श्रीदत्तांच्या चित्रातील चार कुत्री पाहावी. चित्रकाराने त्यांच्या गळ्यात दोर घातलेला नाही. तेव्हा दोरीने कुत्रा चालविण्याची विद्या आपल्या घरगुती संसारात निर्माणच झाली नाही.

ती होती, पण राजदरबारी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोदाचे, म्हणजे कुत्र्यांच्या खेळाचे व शिकारीचे, स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. आमच्या कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते. पुढे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे की, बादशहास कुत्र्यांची फार आवड असून तो ती देशोदेशींहून, विशेषतः काबूलच्या बाजूने, आणवीत असे. आमच्या शेजारच्या मुधोळ संस्थानात घोरपडे घराण्याने उंच, सडपातळ, खोल छातीच्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. मुधोळ आज कर्नाटकात आहे. परंतु तेथील कुत्र्यांचे कारवानी नावाचे भाईबंद आमच्या दख्खनच्या खेड्यांतून अजून आढळतात. मुधोळच्या कुत्र्याचे चित्र २००५ साली टपालाच्या तिकिटावरही आले.

हे कुत्रे वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारे. माळावर दूर ससा हलला की त्याच क्षणी ते बाणासारखे सुटावयाचे. त्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड झालेली. असा कुत्रा दोरीवर धरून, सावज दिसूनही, इशारा मिळेपर्यंत शांत उभा करणे हे काम सोपे नव्हे. आणि हे काम राजा करीत नसे. त्यासाठी वेगळा मनुष्य असे. हिंदुस्थानी भाषेत त्याचे नाव ‘डोरिया’. इंग्रज अमदानीतील शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात हा शब्द नोंदलेला असून त्याची व्युत्पत्ती डोर, म्हणजे दोर, यावरून दिली आहे. कुत्रा राखणारा तो डोरिया. ज्याच्या हाती दोर तोच त्याच्या विद्येचा धनी, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

ही विद्या किती बारकाईची होती याची कल्पना दुसऱ्या एका प्राचीन देशाच्या ग्रंथावरून येते. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शिकारीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की, कुत्र्याचा गळपट्टा मऊ व रुंद असावा, म्हणजे केस झिजत नाहीत. दोराच्या टोकास हातासाठी एक फासा असावा, दुसरे काही नसावे. आणि पट्टा व दोर एकाच तुकड्याचे करू नयेत, कारण तसे केल्यास कुत्र्यावर नीट ताबा राहत नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या तीन सूचनांत बदल करावा असे काही घडलेले नाही. झेनोफन हा सेनानी व तत्त्ववेत्त्याचा शिष्य होता, म्हणून त्याने हे लिहून ठेवले. आमच्या डोरियाने लिहिले नाही. त्यास लिहिता येत नव्हते. आणि ज्यांस लिहिता येत होते त्यांनी त्यास कधी विचारले नाही.

कोल्हापूरकरांस या विद्येचे आणखी एक रूप पाहावयास मिळाले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हिंदुस्थानातील चित्ते दुर्मिळ झाल्यावर, आफ्रिकेतून चित्ते आणवून त्यांजकडून काळविटाची शिकार करविणाऱ्या संस्थानांत कोल्हापूर व भावनगर ही प्रमुख होती. चित्ता हा मार्जार कुळातला, कुत्र्याहून अनोळखी. परंतु त्याचे शिक्षणही दोरानेच होई. डोळ्यांवर टोपी चढवून, कमरेस व गळ्यास दोर लावून चित्तेवान त्यास माणसांच्या गजबजाटात बसवीत, वस्तीतून फिरवीत, हातातल्या पळीने मांस चारीत. मारहाणीने चित्ता शिकत नाही. तो नुसता बिघडतो. अबुल फजल म्हणतो की, पूर्वी चित्ता शिकविण्यास तीन महिने लागत, ते काम बादशहाच्या देखरेखीखाली अठरा दिवसांत होऊ लागले. श्रेय अर्थात बादशहास दिले आहे. ते अठरा दिवस आणि अठरा रात्री दोर धरून कोण बसला होता, ते मात्र लिहिलेले नाही.

तो कोण असेल याचा अंदाज करता येतो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांच्या पोटभेदांत एक भेद ‘चिता पारधी’ असा दिला आहे. शिकवलेल्या चित्त्याकडून शिकार करणे हा त्यांचा धंदा. दुसरा भेद फासेपारधी. यांचे नावच दोरावरून पडलेले. जनावराच्या पायात अलगद बसेल असा फासा वळणे, आणि ते कोणत्या बाजूने, किती जोराने ओढील हे आधी जाणणे, यावर त्यांचे पोट. दोराची आणि ओढीची एवढी जाण असणारे लोक या देशात दुसरे क्वचितच असतील.

या लोकांचे आम्ही काय केले? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवून त्यात कित्येक पारध्यांस गोविले. मनुष्याने गुन्हा केला आहे की नाही हे न पाहता, तो ज्या घरी जन्मला त्यावरून त्यास दोषी ठरवावयाचे. ठराविक वेळी चावडीवर हजेरी लावावयाची. परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. सोलापुरास तर अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. जनावरास दोर सैल कसा ठेवावा हे ज्यास कळत होते, त्याच्याच गळ्यातील दोर सरकारने आवळून धरला. आमच्या पांढरपेशा समाजास त्यात वावगे वाटले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कोल्हापुरात मात्र थोडे निराळे घडले. श्रीशाहू छत्रपतींनी फासेपारध्यांस आश्रय दिला, कामे दिली. आणि १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरील हजेरीची सक्ती आपल्या संस्थानातून काढून टाकली. महाराज मोठे शिकारी होते. जनावरांत आणि जनावरे राखणाऱ्यांत त्यांचे आयुष्य गेले. ज्यावर विश्वास टाकावा तोच विश्वासास पात्र होतो, हे त्यांस पुस्तकांवाचून उमगले असावे असे आम्हांस वाटते. स्वतंत्र हिंदुस्थानात तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्यातून मुक्त झाल्या. तोवर संस्थाने गेली होती, चित्ते गेले होते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे शिकारही गेली. शिकार गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर दोराची विद्याही गेली. कुत्रे तेवढे राहिले, आणि ते आता तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आमच्याबरोबर राहते.

त्या हरवलेल्या विद्येचे मूलतत्त्व पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पुन्हा शोधून काढले. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याजकडे एक कुत्रा होता. एरवी तो स्वभावाने गरीब. परंतु प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी अडकविताच तो सुटण्याची सारखी धडपड करी. पावलॉव्हने या वृत्तीस ‘स्वातंत्र्याची प्रतिक्रिया’ असे नाव १९१७ च्या सुमारास दिले. त्यावर उपाय कोणता केला? चाबूक नव्हे. कुत्र्यास अन्न फक्त त्या चौकटीत द्यावयाचे, एवढेच ठरविले. आरंभी तो नीट जेवेना, रोडावला. पण हळूहळू धडपड ओसरली आणि तो स्थिर उभा राहू लागला. अमेरिकेत थॉर्नडाइकने त्याच्याही आधी, १८९८ साली, कुत्र्या-मांजरांस बंद पेटीत ठेवून दाखविले होते की, ज्या हालचालीने दार उघडते तीच हालचाल जनावर पुढे धरून ठेवते, बाकीच्या गळून पडतात.

रंकाळ्यावरील आमच्या गृहस्थास या दोन प्रयोगांचे तात्पर्य सांगावयाचे तर ते एवढेच आहे. त्याचे कुत्रे अडाणी नाही. ते उत्तम शिकलेले आहे. ओढले की पुढचे झाड मिळते, हा धडा गृहस्थाने स्वतःच त्यास रोज दिलेला आहे. तेव्हा धडा बदलावयास पाहिजे. दोर ताणला की उभे राहावयाचे. हिसका नाही, ओरडणे नाही. दोर सैल झाला की त्याच क्षणी चालू लागावयाचे. कुत्रे आपण होऊन गुडघ्याजवळ आले की तेथेच तोंडात एखादा घास द्यावयाचा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात घराच्या फाटकापलीकडे जाता येणार नाही, हे धरून चालावे. आणि मुख्य गोष्ट, घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा. वडील थांबतात, परंतु धाकटी मुलगी हसत त्याच्यामागून धावते आणि आजी ‘जाऊ दे बिचाऱ्याला’ म्हणते, अशा घरी कुत्रे शिकते ते इतकेच की, दहांपैकी नऊ वेळा ओढ फुकट गेली तरी दहाव्यांदा फळते. अशी कधीमधी फळणारी ओढच सर्वांत चिवट होते. जुगाऱ्याचेही तसेच होते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे म्हणून आम्ही हात झटकतो. परंतु नळी रोज कोणी काढून घेतली, हे विचारीत नाही.

ओढ मुळातच वाईट आहे असेही नव्हे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे कुत्र्यांचे शिक्षण सुरू झाले. अशा कुत्र्याच्या पाठीवरील साजास ताठ मूठ असते, आणि कुत्र्याची बेताची ओढ त्या मुठीतून अंधाच्या हातास वाट सांगते. आमच्याकडे मुंबईच्या पोलिसांजवळ एक लॅब्राडोर कुत्रा होता. १९९३ च्या मार्चमधील स्फोटांनंतर त्याने ३३२९ किलो आर.डी.एक्स. आणि ६०० डिटोनेटर हुडकून काढले, व कित्येकांचे प्राण वाचविले. त्याचे शिक्षण पुण्यास झाले होते. २००० साली तो वारला तेव्हा त्यास सन्मानाने निरोप देण्यात आला. त्याचे नाव ‘जंजीर’. जंजीर म्हणजे साखळी. परंतु त्याच्या साखळीच्या टोकास असलेला मनुष्य ती ओढीत नव्हता. कुत्रा जिकडे नेईल तिकडे, जिवाची भीती बाजूस ठेवून, तो त्याच्यामागून जात होता. त्या मनुष्याचे नाव कितीजणांस ठाऊक आहे?

ओढ हा शब्द आपल्या भाषेत बळासाठीही आहे आणि जिव्हाळ्यासाठीही. कुत्र्याच्या ठायी ही दोन्ही एकत्र असतात, आणि दोर धरणाऱ्यास त्यांपैकी एकीचाच अनुभव येत असेल तर दोष बहुधा दोर धरणाऱ्याचा असतो. महाभारताचा आरंभ कुत्र्याच्या कथेनेच होतो. जनमेजयाच्या सत्रात सरमेच्या पोराने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्यास मारून हाकलले. सरमेने येऊन जाब विचारला, तेव्हा त्यांजपाशी उत्तर नव्हते. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी हिमालयाच्या वाटेवर, भाऊ पडले, द्रौपदी पडली, तरी एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागून शेवटपर्यंत चालत राहिला. युधिष्ठिराच्या हाती दोर नव्हता. निरपराध्यास मारणाऱ्या हातापासून दोरावाचून सोबत करणाऱ्या पावलांपर्यंत व्यासांनी एवढे मोठे अंतर मोजून दाखविले. आमच्या वाट्यास त्यातील फारच थोडे येते. उद्या सकाळी फाटकाशी दोर ताणला गेला असता क्षणभर थांबणे, एवढे तरी आम्हांस सहज करता येईल.